उरलेलं पाणी

नळीच्या टोकाला थेंब धरला होता. पेन्सिलीएवढ्या जाडीची ती काळपट नळी फिल्टरच्या पोटातून निघून ओट्याच्या कडेवरून खाली उतरलेली, बादलीच्या कडीला सुतळीने बांधलेली, आणि तिच्या तोंडाशी पांढरं कडं जमलेलं, दूध प्यायलेल्या पोराच्या ओठावर वाळतं तसं. रावजी बादलीपुढे पाटावर बसून थेंबाकडे बघत होते. थेंब फुगला, लांबला, सुटला. मागून दुसरा. फिल्टर चालू असला की धार बारीक पण अखंड असते. तो थांबला की असे चुकार थेंब येत राहतात, आणि चुकार थेंबही बादलीतच पडला पाहिजे, म्हणून फिल्टर बंद झाल्यावरही रावजी थोडा वेळ बसून राहतात. निवृत्त माणसाला बसायला काहीतरी निमित्त लागतं. काही लोक देवापुढे बसतात.

आज संध्याकाळी रुचिकाचा फोन येणार होता. मुलगी पनवेलला, तिच्या शेजारच्या इमारतीत एक घर विकायला निघालं होतं आणि घरवाला फार दिवस थांबायला तयार नव्हता. आत्तापर्यंत तो थांबला तोच रुचिकाच्या गोड बोलण्यामुळे. कोकिळा फार कमी अटी घालते — लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने घातलेल्या अटी आठवायला बसावं लागेल — पण ही तिने घातली होती, जेवताना, पापड मोडता मोडता: "ही रोपं हा उन्हाळा तरली तर राहू इथेच. नाही तरली तर वाडी विकायची आणि जायचं." रावजी लगेच "बरं" म्हणाले होते. रोपं तरणार याची त्यांना खात्री होती. खात्री कशाची, तर बादलीची.

वाडी मुळात कोकिळाची. दिवेआगरला समुद्राच्या बाजूची, तिच्या वडिलांकडून आलेली, माड आणि पोफळींची. रावजी तळा तालुक्यातले, भातशेतीवाल्यांच्या घरातले, जिथे सुपारी म्हणजे लग्नात पुडीतून येणारी वस्तू. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर ते इथे राहायला आले आणि वाडीच्या अक्षरशः प्रेमात पडले. कोकिळा तिथे जन्मली होती, त्यामुळे तिला तसलं काही झालं नाही. मग वादळ आलं. सकाळी सुरू झालं, दुपारनंतर बघितलं तर सगळ्या पोफळी एकाच दिशेला माना करून आडव्या — गुरुजी वर्गात आल्यावर पोरं एकदम उभी राहतात तशा, फक्त उलट. त्या दिवशी कोकिळा म्हणाली होती, "झालं, सुटलो." रावजींना वाटलं होतं, धक्क्याने बोलतेय.

त्यांनी पुन्हा रोपं लावली. पहिली खेप चांगली वर आली होती, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत... आणि मग विहीर मचूळ झाली. चैत्र लागला की पाणी जिभेवर जड लागायचं, वैशाखात तर डाळ शिजेना. नळाचं पाणी येतं, पण येतं म्हणजे पाहुण्यासारखं, यायच्या आधी कळवत नाही आणि आलं की फार थांबत नाही. मग रुचिकाने फिल्टर पाठवला. तो भिंतीवर बसला आणि त्याच उन्हाळ्यात रोपांची पहिली खेप वाळली. रावजींनी विहिरीला दोष दिला, हवामानाला दिला, कुंपणापलीकडच्या विपुलच्या पंपाला दिला, आणि पावसाळ्यात नवी रोपं आणून पुन्हा आळी खणली. या खेपेला मात्र त्यांनी ठरवलं, की या रोपांना विहिरीचा थेंबही द्यायचा नाही.

घरातल्या पाण्याला तेव्हापासून जातपात आली. आंघोळीचं साबणाचं पाणी केळींना. कपड्यांचं माडांना, माड काहीही पितो. भांड्यांचं पहिलं पाणी अळवाला, दुसरं जास्वंदीला. आणि फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं, ज्याला साबण लागला नाही, खरकटं लागलं नाही, कोणाचं अंग लागलं नाही — ते पोफळीच्या रोपांना. बाकी कोणाला नाही. एकदा कोकिळाने त्या पाण्याने पायरी धुतली तेव्हा रावजी दिवसभर बोलले नव्हते.

ते उठले. गुडघा वाजला. बादली उचलून मागच्या दाराने वाडीत आले.

आई असंच करायची. तळ्याच्या घरी पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावरून वर यायचं, त्यामुळे घरात पाणी वापरलं जायचं नाही, फिरवलं जायचं. पोरांना आंघोळ अळवाच्या वाफ्यात उभं करून. तांदूळ धुतले की ते पाणी म्हशीच्या घमेल्यात. पेज उरली तर तीही तिथेच. मला आठवतं, अळवाची पानं पायाला थंड लागायची आणि वरून तांब्या यायचा, आणि आई म्हणायची, हलू नको, पाणी बाहेर जातंय... तिच्याकडे कुठलंच पाणी उरलेलं म्हणून वाईट नव्हतं. मळकं असायचं. पण मळ म्हणजे झाडाचं जेवणच.

रोपांची रांग स्वयंपाकघराच्या भिंतीला धरून, केळीच्या सावलीत. रावजी एकेका आळ्याशी वाकून तांब्या ओतत चालले. पानांची टोकं करपली होती. गेल्या आठवड्यात नुसती टोकं, आता करप कडेकडेने देठाकडे सरकलेली, कागदाला काडी लावून विझवल्यासारखी. मधला कोंब मात्र हिरवा होता. बहुतेकांचा. पहिल्या खेपेलाही असाच कोंब हिरवा होता, शेवटपर्यंत. कोंबाला शेवटी कळतं.

"काय सर, निघाली का गंगा?"

कुंपणापलीकडे विपुल. हातात मोबाइल, गळ्यात टॉवेल. त्याच्या वाडीतल्या पोफळीही वादळात गेल्या. त्याने पुन्हा लावल्या नाहीत, खोल्या बांधल्या. मुंबईकर बोटीने मांडव्याला उतरतात, तिथून गाडी करून येतात आणि त्याच्या अंगणात बसून विचारतात, इथे पोफळीच्या बागा होत्या ना?

"अर्धीच भरली," रावजी म्हणाले.

"तुमची अर्धी म्हणजे आमची टाकी. गेस्ट लोकांना सांगतो ना मी, बाजूला आमचे सर हायत, त्यांच्या घरात थेंबाला पण खाली पडायचं तर सरांना विचारावं लागतं."

"आणि तुझा पूल?"

"पूल न्हाय सर, तसं बोलू नका. डिपिंग टँक हाय तो. पूल म्हटलं की परवानग्या आल्या."

"पाणी तेवढंच लागतं ना?"

"पाण्याला काय माहीत, पूल हाय का टँक?" विपुल मोकळेपणाने हसला. मुलगा वाईट नव्हता. शाळेत रावजींच्याच हाताखालचा. 'पाणी वाचवा' फेरीत सगळ्यात मोठा आवाज त्याचा. गेल्या वर्षी आपण होऊन आला होता, सर, बाथरूममध्ये लावायला काहीतरी लिहून द्या. रावजींनी दोन संध्याकाळी खर्च करून लिहून दिलं: पाहुणे, या, बसा, आंघोळ करा — पण बादलीने. पाटी रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही. आता प्रत्येक बाथरूममध्ये, शॉवरच्या बरोबर खाली, लिहिलेलं आहे: पाहुणे, या, बसा, आंघोळ करा.

"सर, एक विचारायचं होतं. तुमची ती आयडिया आपण पण चालू केली. फिल्टरच्या वेस्टचं पाणी, सगळं लॉनला. मोठे दोन फिल्टर हायत, चिक्कार निघतं. पण लॉन साफ पिवळं पडलं ओ. माळी बोलतो खत कमी पडतंय. घालू का खत?"

"लॉनची मुळं वरवर असतात," रावजी मास्तरी आवाजात म्हणाले. "त्याला..."

आणि थांबले.

"त्याला काय सर?"

"बघून सांगतो."

विपुल गेला. रावजी तांब्या हातात धरून आळ्याच्या काठाशी तसेच वाकलेले. मातीवर पांढरी साय होती. ती रोजच होती. रोज ते तिला बुरशी समजत, किंवा राखेचा अंश समजत, किंवा खरं सांगायचं तर काहीच समजत नव्हते, कारण समजण्यासाठी बघावं लागतं आणि ते बघत होते कोंबाकडे. आता त्यांनी ती नखाने खरवडली आणि जिभेला लावली, आणि जीभ आत ओढायच्या आधीच नववीचा वर्ग समोर आला — दुपारचा तास, पंखा बंद, टेबलावर दोन बशा, बटाट्याच्या दोन फोडी, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, आणि मी खडूने फळ्यावर पडदा काढतोय, तुटक रेघांचा, इकडे पातळ, तिकडे दाट, बाण इकडून तिकडे, बघा मुलांनो, मिठाच्या पाण्यातली फोड कशी मऊ पडली, का पडली? तिच्याबाहेर पाणी आहे की नाही? आहे. भरपूर आहे. मग ती तहानलेली का? कारण बाहेरचं मीठ आतलं पाणी ओढून घेतं... वर्षानुवर्षं तोच बटाटा, तोच बाण. आणि फिल्टर म्हणजे तरी काय, तोच पडदा, फक्त बाण उलटा, विजेच्या जोरावर. मचूळ पाणी आत, गोडं पाणी पेल्यात, आणि पेल्यातून हाकललेलं सगळं मीठ उरलेल्या पाण्यात, दाट होऊन, नळीतून, थेंबाथेंबाने, बादलीत.

विहिरीचं पाणी वाईट म्हणून रोपांना दिलं नाही. त्याच विहिरीचा अर्क काढून दिला.

रावजी कडेच्या दगडावर बसले. हसू आलं असतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर. त्यांनी ओतलेलं पाणी आळ्यात मुरत होतं, आणि ते हाताने परत काढून घ्यावं असं त्यांना क्षणभर खरोखर वाटलं. आपण बादली घेऊन यायचो तेव्हा रोपं... नाही, रोपांना काही वाटत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने असलं काही बोलू नये. विज्ञानाच्या शिक्षकाने आणखीही बऱ्याच गोष्टी करायला नको होत्या.

जेवायला बसले तेव्हा मागच्या पायरीवरच्या कुंडीतला मोगरा दिसत होता. आधी ही कुंडी बादलीजवळ होती. कोकिळाने ती कधीतरी उचलून तिकडे नेली, रावजींचा हात सहज पोचणार नाही अशी. तेव्हा वाटलं होतं, उन्हासाठी. मोगरा कळ्यांनी लगडला होता.

"मोगरा चांगला आलाय," रावजी म्हणाले.

"हं."

"त्याला कसलं पाणी घालतेस?"

"तांदूळ धुतलेलं."

"फिल्टरचं नाही घालत?"

"नाही मानवत त्याला ते."

"कधी कळलं तुला?"

"अहो, झाडाचं काय, पान बघितलं की कळतं." तिने सुकटीची चटणी त्यांच्या ताटात सरकवली. "तिखट झालीय. जपून."

"आणि पोफळींना मानवतं?"

कोकिळाने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं, नीट, सगळ्या बाजूंनी बसलंय का बघून. "पोफळी तुमच्या. तुमची कंबर धरली तेव्हा तुम्ही म्हणालात बादली घाल, मी घातली. अजून वरण देऊ?"

त्यांनी वरण घेतलं. तिच्या आवाजात काही नव्हतं. तेच तर. राग असता, टोमणा असता, तर रावजींना काहीतरी धरता आलं असतं.

दुपारी ते आडवे झाले, पण झोप लागली नाही. तिला माहीत होतं? माहीत असून रोज भरलेली बादली... नाही, कोकिळा तशी नाही. मग कशी आहे? पोफळीत वाढलेली बाई. पानाच्या रंगावरून झाडाचं दुखणं ओळखणारी. मोगरा हलवला आणि पोफळी हलवल्या नाहीत — पण पोफळी कुंडीत नसतात, त्या हलवता येत नाहीत, एवढंच असेल. आणि मग, कुशीवर वळताना, काहीच संबंध नसताना ते आठवलं: फिल्टर बसवला तो दिवस. बसवणारा माणूस निघून गेलेला, नळीतून पहिली धार सुटलेली, आणि कोकिळाने तिच्याखाली बोट धरून जिभेला लावलेलं. तोंड वाकडं करून ती म्हणाली होती, "खारट आहे हो हे." आणि मी म्हणालो होतो — किती समजावणीच्या सुरात म्हणालो होतो, पहिल्या बाकावरच्या बावळट मुलीला सांगावं तसं — "अगं, म्हणूनच तर तो ते बाहेर काढतो." आणि वर: "फेकू नकोस हं. रोपांना घालू."

म्हणजे तिने सांगितलं होतं. कोकिळा एक गोष्ट एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायचं तिने कधी सोडलं, ते रावजींना आठवेना; बहुधा फार पूर्वी, रुचिका लहान असताना, कुठल्यातरी अशाच स्पष्टीकरणानंतर. त्या दिवसापासून घर फार सुरळीत चाललं होतं. शेजारी कौतुक करायचे, सरांच्या घरात आवाज कसला तो येत नाही.

तेव्हा तिला माहीत होतं का, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की माझी कंबर धरलेली असताना रोज बादली ओतताना तिच्या मनात काय चालायचं. सूड? छे. एवढा उत्साह आम्हा दोघांतही उरलेला नाही. कदाचित ती नुसती ओतत असेल, जशी माझ्या चहात साखर कमी घालते — डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, सरांनी सांगितलं म्हणून. कदाचित एकेका तांब्यामागे पनवेलचं ते घर थोडं थोडं जवळ येत असेल. आणि कदाचित दोन्ही. माणूस दोन्ही करू शकतं, एकाच तांब्याने.

चहाच्या वेळी फोन आला. कोकिळाने तो स्पीकरवर घालून पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, रुचिका जणू डब्यातच बसली आहे.

"आई, बाबा आहेत ना? बाबा, ऐका, त्या माणसाचा आज परत फोन होता. दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणतो. हे सगळे असंच म्हणतात, पण समजा खरं असलं तर? मला हो का नाही ते सांगा. रोपं कशी आहेत?"

"बाबांना विचार," कोकिळा म्हणाली. "रोपांचं तेच बघतात."

"बाबा?"

रावजींनी तोंड उघडलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं. दोन उन्हाळे त्यांनी ते सगळ्यांना दिलं होतं, रुचिकाला, विपुलला, येणाऱ्याजाणाऱ्याला, आणि पानं करपत असताना दिलं होतं, छाती पुढे काढून: वाचतील, वाचतील. तेव्हा ते धडधडीत खोटं होतं आणि ते सहज तोंडातून निघायचं. आज पहिल्यांदाच ते खरं होतं. बादली बंद केली, नळाच्या पाण्यातलं थोडं त्यांच्याकडे वळवलं, मुळाशी पाचोळ्याचा जाड थर दिला, तर कोंब धरून राहतील. पाऊस मुळाशी बसलेलं मीठ धुऊन नेईल. बहुतेक रोपं वाचतील. पुढच्या चैत्रापर्यंत. मग विहीर पुन्हा मचूळ, पलीकडे पंप चालू, आणि मी दगडावर... आणि असं करत करत पोफळीला पहिलं शिपुट, सुपारीचा पहिला घड, धरेपर्यंत माझं वय काय होईल, हा हिशेब करायला रावजी लागले आणि मध्येच सोडून दिला.

इलाज होता. हेच भयंकर होतं. कारण कळत नव्हतं तोपर्यंत ते दमले नव्हते. रोज पहाटे उठत होते, वाकत होते, कंबर सुटली की पुन्हा वाकत होते, आणि आता कारण कळल्यावर दोन उन्हाळ्यांचा सगळा शीण एकदम येऊन मांडीवर बसला होता, जड पोरासारखा. वाईट वाटायला हवं होतं. रोपांबद्दल, या बाईबद्दल. ते आत चाचपडत राहिले, पण वाईट वाटण्याच्या जागी हाताला लागलं ते निराळंच. पनवेलची एक मोरी लागली, कधी न बघितलेली, आणि तिच्यात एक नळ, पूर्ण सोडलेला, बादलीबिदली काही नाही, पाणी सरळ फरशीवर, फरशीवरून जाळीत, जाळीतून कुठे जातंय कोणाला माहीत — आणि मी शेजारी उभा, हात मागे बांधून, नुसता आवाज ऐकत. त्या आवाजाने त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी घाबरून कोकिळाकडे पाहिलं.

ती त्यांच्याकडेच बघत होती. कित्येक वर्षांत तिने असं सरळ पाहिलं नव्हतं. ती कशाला भीत होती — ते 'वाचतील' म्हणतील याला, की 'वाचणार नाहीत' म्हणतील याला — ते रावजींना ओळखता येईना. पान बघून ओळखण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. पण ती भीत होती हे नक्की, आणि तेही भीत होते, आणि दोघांनी मिळून केलेलं असं एखादं काम समोर पडून आहे, की ज्यात कोणाचा हात किती ते आता वेगळं काढता येणार नाही, असं काहीतरी त्यांना तिच्या डोळ्यांत दिसलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी दिसायचं तसं, जवळचं, जरा लाज वाटावी असं.

"बाबा, ऐकताय ना? हॅलो?"

"आहे गं," रावजी म्हणाले, आणि पुढचं वाक्य कोण बोलणार याची ते दोघंही वाट बघू लागले.